पाय आत वळतात म्हणून रागावू नका

"चालताना हिचे पाय आत वळतात. पळायला लागली की स्वतःच्याच पायात पाय अडकून पडते. आता काही केलं नाही तर कायमचं असंच राहील का?" चार वर्षांच्या मुलीला घेऊन आलेल्या आईचा हा प्रश्न. लहान मुलांच्या चालण्याबद्दल पालक सर्वांत जास्त विचारतात ते हेच.

मुलगी खोलीभर फिरत होती तेव्हा मी पावलांपेक्षा तिच्या गुडघ्यांच्या वाट्या बघत होते. पावलं आत आणि वाट्या समोर असतील, तर पीळ बहुधा नडगीच्या हाडात असतो. एक ते तीन वर्षांच्या मुलांत तो जास्त दिसतो. (तान्ह्या बाळांत पुष्कळदा नुसता चवडाच आत वळलेला असतो.) वाट्याही एकमेकींकडे बघत असतील, तर पीळ मांडीच्या हाडात. हिचं तसंच होतं. खेळणी दिसताच ती गुडघे पुढे आणि पावलं दोन्ही बाजूंना मागे टाकून बसली. या मुलांना असंच बसणं सोयीचं पडतं.

जन्मतः मांडीच्या हाडाचा हा पीळ सुमारे ४० अंश असतो, मोठेपणी १५ च्या आसपास येतो. बहुतेक मुलांची चाल आठ-दहा वर्षांपर्यंत आपसूक सुधारते. खास बूट किंवा पट्टे लावून त्याची घाई करता येत नाही, त्यावर पैसे घालवू नयेत असंच मी सांगते. थोडा पीळ उरला तरी सहसा काही अडत नाही.

मला खटकलं ते वेगळंच. वडील सारखे म्हणत होते, "पाय सरळ टाक." प्रत्येक वेळी मुलगी थांबायची, खाली बघायची आणि अंग आखडून पुढची दोन पावलं टाकायची. मी चेंडू घरंगळत सोडला, तर त्यामागे पळण्याआधी तिनं वडिलांकडे पाहिलं. मी त्यांना म्हटलं, "तिनं ठरवून पाय आत टाकलेले नाहीत, मग तुम्ही सांगून ते बाहेर कसे जातील?" ते जरा ओशाळले. म्हणाले, "मग आम्ही काहीच करायचं नाही?"

करायचं ना. तिला पळू द्यायचं, चढू द्यायचं, नाचू द्यायचं. दर सहा महिन्यांनी समोरून चालतानाचा व्हिडिओ काढून ठेवायचा, म्हणजे रोज बघून न कळणारा फरक दिसतो. एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं, ते मीही सुचवलंच. मात्र एकच पाय वळत असेल, मूल लंगडत असेल, पाय दुखतो म्हणत असेल, वळणं वाढत चाललं असेल किंवा आधी नीट चालणारं मूल वारंवार पडू लागलं असेल, तर सहा महिने थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांकडे न्यायचं.