अकिलीसची टाच आणि हेक्टरची टाच

प्रश्न : माझा मुलगा कबड्डी खेळताना पडला आणि टाचेमागची शीर दुखावली. डॉक्टर म्हणाले, 'अकिलीस टेंडन' आहे, सहा आठवडे मैदान बंद. मुलाने मोबाइलवर वाचून सांगितलं की अकिलीस हा ग्रीक योद्धा. लहानपणी आईने त्याला टाचेला धरून नदीत बुडवलं, म्हणून सगळं अंग अभेद्य झालं. टाच तेवढी कोरडी राहिली आणि तिथेच बाण लागून तो मेला. आमच्या सासूबाई म्हणतात, ही तर दुर्योधनाची गोष्ट! खरं काय? असा माणूस खरंच होऊन गेला का?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, आधी मुलाचं. सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे. चौथ्या आठवड्यात पोरं दारात येऊन शिट्ट्या मारतील, तेव्हा दार उघडू नका.

सासूबाईंचा कान तयार आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. गांधारीने पट्टी सोडून पाहिलं आणि मांड्या झाकलेल्या म्हणून तेवढ्या कच्च्या राहिल्या, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. व्यासांच्या महाभारतात मात्र ती नाही. तिथे मांडी फुटते ती भीमाच्या प्रतिज्ञेमुळे. लोकांनी मागाहून घातलेली ही भर. अकिलीसच्या टाचेचंही अगदी तसंच झालं.

अकिलीसची मूळ कथा ग्रीक कवी होमरच्या 'इलियड' या महाकाव्यात आहे. त्याची आई थेटिस समुद्रातली देवता, बाप पेलिअस हा माणूस, फ्थिया नावाच्या मुलखाचा राजा. पण स्टिक्स नदीत बुडवणं, कोरडी टाच, यातलं काहीच 'इलियड'मध्ये नाही. ती बुडवण्याची गोष्ट आज आपल्याला पहिल्यांदा सापडते ती स्टेशियस या रोमन कवीकडे, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, म्हणजे होमरनंतर सात-आठशे वर्षांनी. होमरचा अकिलीस अभेद्य नाहीच. अ‍ॅस्टेरोपेअस नावाचा एक योद्धा दोन्ही हातांनी एकदम दोन भाले फेकतो, त्यातला एक अकिलीसच्या उजव्या हाताला चाटून जातो आणि रक्त येतं. अभेद्य माणसाला कसलं आलंय रक्त?

असा माणूस होऊन गेला का, याला पुरावा नाही. ज्या ट्रॉय शहराशी ग्रीकांचं युद्ध 'इलियड'मध्ये आहे, ते शहर मात्र होतं. तुर्कस्तानात हिसार्लिक नावाच्या टेकडीवर हाइनरिश श्लीमानने 1870 नंतर खणलं, तेव्हा एकावर एक बसलेली गावं निघाली.

आता तुमच्या मुलाची शीर. ती 'इलियड'मध्ये आहे, पण ती हेक्टरची!

झालं असं. ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉनने अकिलीसला युद्धात मिळालेली दासी ब्रिसेइस हिसकावून घेतली. अकिलीस रुसून तंबूत बसला. सगळं काव्य या रागावर उभं आहे, पहिला शब्दच मुळी 'क्रोध'. त्याचा जिवलग पॅट्रोक्लस त्याचं चिलखत घालून लढायला गेला आणि ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या हातून मेला. मग अकिलीस उठला. अन्नाला शिवेना. ओडिसिअसने समजावलं, उपाशीपोटी सैन्य लढणार कसं? सैन्य जेवलं, हा नाही जेवला. हेक्टरला मारलं, त्याच्या दोन्ही पायांना टाचेपासून घोट्यापर्यंत मागच्या शिरांतून भोकं पाडली, कातड्याच्या वाद्या ओवल्या आणि प्रेत रथाला बांधून फरफटत नेलं. टाच म्हटलं की मला आधी हे आठवतं. मागाच्या घरात वाढलेल्या माणसाला 'ओवणे' हा शब्द इतका भयंकर कधी वाटला नव्हता.

पण मी ही गोष्ट पुन्हा पुन्हा वाचतो ती त्यानंतर काही दिवसांनी आलेल्या एका रात्रीसाठी. हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रायाम, अंधारात शत्रूच्या तंबूत शिरतो, अकिलीसचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी आपली पोरं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. म्हणतो, तुझ्या बापाला आठव. दोघंही रडतात, हा पोरासाठी, तो बापासाठी आणि पॅट्रोक्लससाठी. आणि मग अकिलीस, जो आधी स्वतः अन्नाला शिवत नव्हता, म्हाताऱ्याला म्हणतो, आता जेव. जुन्या कथेतल्या नायोबी नावाच्या आईची बारा लेकरं मेली, तरी रडून थकल्यावर तिलाही अन्नाची आठवण झालीच. स्वतः उठून मेंढी कापतो, सोबती मांस भाजतात, तो वाढतो.

ताई, हा कडू घास आहे. दुसरा शब्द मला सापडत नाही. माझे वडील गेले तेव्हा आम्ही साखर पेठेत राहायचो, घरात हातमाग. त्यावर अर्धी विणलेली चादर तशीच होती. चूल पेटली नाही. शेजारच्या तेलुगू मावशी पितळी डब्यात पिठलं आणि फडक्यात ज्वारीच्या भाकऱ्या घेऊन आल्या. माझं आणि त्यांचं वर्षभर बोलणं नव्हतं, भिंतीवरून भांडण झालेलं. त्या समोर बसल्या, भाकरी मोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "कोंचम तिनु." थोडं खा. पिठल्यात मीठ जास्त झालं होतं, हे अजून आठवतं.

जेवण झाल्यावर अकिलीस विचारतो, अंत्यविधीला किती दिवस हवेत? तेवढे दिवस मी सैन्य थोपवतो. प्रायाम बोटांवर मोजल्यासारखं सांगतो. नऊ दिवस शोक, दहाव्याला दहन, अकराव्याला माती, आणि बाराव्याला, लढावंच लागलं तर, लढू.

काव्य संपतं ते हेक्टरच्या दहनानंतर प्रायामच्या वाड्यात झालेल्या जेवणावर. हेक्टरचा भाऊ पॅरिस आणि अपोलो देव आपला जीव घेणार, हे अकिलीसला मरता मरता हेक्टरने सांगितलेलं आहे. पण पुस्तक मिटतं तेव्हा तो जिवंत असतो, टाचेसकट.