दीड-दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या जेवणात पौष्टिक काय द्यावं?

या वयात लोहाकडे सगळ्यात आधी बघा, कारण नेमकं तेच कमी पडतं. मऊ शिजवलेली डाळ, कुस्करलेलं कडधान्य, पूर्ण शिजलेलं अंडं किंवा बारीक केलेलं चिकन यांतलं एक काहीतरी ताटात असू द्या. सोबत टोमॅटो किंवा संत्र्याची फोड द्या. क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांतलं लोह अंगी जास्त लागतं. मग भात किंवा पोळी, बोटांनी उचलता येतील असे गाजर-बटाट्याचे उकडलेले तुकडे, थोडं दही. तूप-तेलात काटकसर नको, मेंदूच्या वाढीला स्निग्धांश लागतो.

जेवणाआधी दूध मात्र टाळा. पोट दुधाने भरलं की मूल ताटाकडे बघतही नाही, आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच.

द्राक्षं उभी चिरून चार भाग करा. अख्खे शेंगदाणे, काजू-बदाम, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराचे तुकडे अजिबात नकोत, घशात अडकतात. मूल खाताना बसलेलं असावं आणि तुम्ही जवळ.

नवी भाजी थुंकली तर रागावू नका, भरवण्याची जबरदस्तीही नको. काही दिवसांनी पुन्हा एक घास ठेवा. कधीकधी दहा-पंधरा वेळा समोर आल्यावरच मुलं एखादी चव स्वीकारतात.