वाचकांचे प्रश्न : आधी काटा तपासावा

प्रश्न : गेली दोन वर्षे मी हे सदर वाचते आहे. नवे यंत्र असो, नवे धोरण असो की नवे संशोधन, आपला पहिला सल्ला थांबण्याचाच असतो. घरोघरी वीज आली तेव्हाही आपण हेच सांगितले असते का? आपल्या नकारामागे काही नियम आहे, की तो केवळ वयाचा स्वभाव आहे? – एक वाचक, पुणे

उत्तर : नियम आहे, आणि तो मला पुस्तकात नव्हे तर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मिळाला. तिथे आणि पुढे त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत मिळून मी सव्वीस वर्षे नोकरी केली. आमच्याकडचा जुना तरफेचा काटा काढून इलेक्ट्रॉनिक काटा बसवला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, कारण रात्रपाळीत गाड्यांची रांग लागली की जुन्या काट्यावर माणूस थकून जाई. तिसऱ्या गाळप हंगामात, अवकाळी पाऊस होऊन गेल्यावर, एका गाडीवानाने आपल्या उसाचे वजन पाऊणशे किलोने कमी भरले अशी तक्रार केली. तो बाहेरच्या काट्यावर गाडी तोलून आला होता. कार्यालयाने त्याला सांगितले की हे यंत्र चुकत नाही. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला आणि तिसऱ्या दिवशीही आला. शेवटी आम्ही वैधमापन खात्याच्या शिक्क्याची वीस-वीस किलोची वजने काट्याच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहिली, तेव्हा एका कोपऱ्यात वजन कमी भरत होते. काट्याखालच्या तारांच्या पेटीत पाणी शिरले होते. त्या तीन दिवसांत किती शेतकऱ्यांचा ऊस कमी मोजला गेला असेल, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

तेव्हापासून माझा नियम असा आहे की ज्याच्या मालाचे माप होणार आहे, त्याला ते माप दुसऱ्या मार्गाने पडताळून पाहता आले पाहिजे, आणि अशी पडताळणी पुरेशी होईपर्यंत जुना मार्ग बंद करू नये. विजेबद्दल विचाराल, तर आमच्या गावात दिवे आले त्यानंतर कित्येक वर्षे कंदील खुंटीलाच होता, त्याची काच पुसलेली असे आणि घासलेट भरलेले असे. विजेला विरोध कोणीच केला नाही, पण वीज जाणारच नाही असेही कोणी गृहीत धरले नाही. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-प्रणालीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे पंच्याऐंशी लाख संगणक बंद पडले, तेव्हा आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले आणि त्यावर विमाने उडाली. कागद आणि पेन वापरण्याची सवय तिथे अजून शिल्लक होती, म्हणूनच ते शक्य झाले. ही सवय जपण्यावर खर्च होतो हे मला मान्य आहे, पण तो खर्च वाया जातो असे जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही.

प्रश्न : आमच्या औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी शोधणारी प्रयोगशाळा उभी राहत आहे. आपण वैज्ञानिक दाव्यांवर शंका घ्यावी असे वारंवार लिहिता. मग या प्रकल्पावरही आम्ही शंका घ्यावी का? – एक शिक्षक, हिंगोली जिल्हा

उत्तर : शंका जरूर घ्यावी, कारण शंका कशी घ्यायची हे शिकण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

या लहरी म्हणजे अवकाशाच्या पटातच उठणारे अतिसूक्ष्म तरंग. आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये त्यांचे भाकीत केले. १९६९ मध्ये अमेरिकेतील जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमच्या मोठ्या भरीव दंडगोलांच्या साहाय्याने त्या सापडल्याचे जाहीर केले. ते मान्यवर शास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या प्रामाणिकपणावर माझा संशय नाही, परंतु इतरांनी तशीच उपकरणे बांधली तेव्हा त्यांना काहीही आढळले नाही आणि तो दावा मागे पडला. पुढच्या पिढीने या अनुभवाचा धडा इतका मनावर घेतला की याच लहरी शोधणाऱ्या अमेरिकेतील लायगो प्रकल्पात मोजक्या लोकांना गुपचूप खोटा संकेत यंत्रात सोडण्याची अधिकृत मुभा देण्यात आली. सप्टेंबर २०१० मध्ये असा एक संकेत आला. शेकडो शास्त्रज्ञांनी कित्येक महिने त्याचे विश्लेषण केले, शोधनिबंधाचा मसुदाही तयार झाला, आणि मार्च २०११ मध्ये सर्वांसमोर उलगडा झाला की तो संकेत मुद्दाम घातलेला होता. कोणाची फजिती करण्यासाठी हे केलेले नव्हते. आपली पारख करण्याची पद्धत खरी आहे की नाही, हे त्यांना पाहायचे होते. आमच्या काट्यावर शिक्क्याची वजने ठेवून आम्ही जे केले, तेच या लोकांनी प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही कितीतरी सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या यंत्रावर केले.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी खरा संकेत आला, तोही एकमेकांपासून सुमारे तीन हजार किलोमीटर दूर असलेल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या लायगोच्या दोन ठिकाणी, अवघ्या सात सहस्रांश सेकंदांच्या अंतराने. तरीही जगाला ही बातमी ११ फेब्रुवारी २०१६ रोजीच कळली. या वेळी कोणी खोटा संकेत सोडला नव्हता ना, इथपासून त्यांनी तपासायला सुरुवात केली होती. या शोधाच्या विश्लेषणात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे अनेक वर्षांचे काम आहे, हे आपण विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

याउलट जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी सामान्य तापमानाला अतिवाहक ठरणारा, म्हणजे विजेला जराही अडथळा न करणारा, पदार्थ सापडल्याचा दावा पडताळणीआधीच प्रसिद्ध केला. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून पाहिला, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही पाहिला, आणि काही आठवड्यांत तो अतिवाहक नसल्याचे स्पष्ट झाले. तरीही तोवर शेअर बाजारात आणि वर्तमानपत्रांत त्याने मोठी खळबळ उडवून दिली होती. माझा अविश्वास अशा घाईवर आहे. विज्ञान संथपणे चालते तेव्हा माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसाला त्याच्याइतके जवळचे दुसरे काही वाटत नाही.

औंढ्याच्या प्रकल्पाला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली आहे. इतका सार्वजनिक पैसा खर्च होणार असेल, तर काम किती झाले आणि खर्च किती वाढला हे विचारण्याचा आपल्या तालुक्याला पूर्ण हक्क आहे. हा प्रश्न विचारल्याने विज्ञानाचा अपमान होत नाही.

प्रश्न : आपण परंपरावादी आहात, शिस्तीचे पुरस्कर्ते आहात. मग मुंबई महापालिकेत नगरसेवक नव्हते त्या काळात प्रशासकांनी भांडणांशिवाय कामे केली, याबद्दल आपण नाराजी का व्यक्त केलीत? – एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : शिस्तीचा पुरस्कार करतो म्हणूनच. मुंबईचा महापालिका कायदा १८८८ सालचा आहे. लोकांनी निवडलेल्या सदस्यांनी शहराचा कारभार तपासावा, ही रीत या शहरात देशाच्या राज्यघटनेहून जुनी आहे, आणि १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तिला आधार देऊन पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे असे बंधन घातले. प्रत्यक्षात मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात एका सरकारने प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ केली आणि दुसऱ्या सरकारने ती पुन्हा २२७ वर आणली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वादही न्यायालयात होता. ही कारणे खोटी नव्हती आणि दोष कोणा एका पक्षाचाही नव्हता. पण तारीख ठरवण्याचे काम घटनेने सोयीवर सोडलेले नव्हते, आणि चार वर्षांत आपल्याला ती सोयीची गोष्ट वाटू लागली, याची मला खरी भीती वाटते.

भांडणांशिवाय कामे झाली असे आपण लिहिता. अर्थसंकल्प मांडणारा आणि तो मंजूर करणारा अधिकारी एकच असेल, तर भांडण होणार कोणाशी? मी पाहिलेले अनेक प्रशासक सचोटीचे आणि कष्टाळू होते, तरीही काटा आणि वजने दोन्ही एकाच माणसाच्या हाती असू नयेत, मग तो माणूस कितीही भला असो. नगरसेवकांच्या गोंधळामुळे कामे रखडतात हे मी चाळीस वर्षे ऐकतो आहे. मात्र गटार तुंबल्यावर रात्री अकरा वाजता ज्याचे दार ठोठावता येते तो माणूस नाहीसा झाला, की त्या दाराची किंमत कळते.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने नोंदवतो. विधानसभेच्या आणि लोकसभेच्या निवडणुकीत मतदान यंत्राशेजारी काचेतून सात सेकंद एक चिठ्ठी दिसते आणि आपले मत कोठे पडले हे मतदाराला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. महापालिकेच्या या निवडणुकीत ती सोय नव्हती. यंत्रात फेरफार होतात असा आरोप मी करीत नाही आणि तसा पुरावाही मी पाहिलेला नाही. परंतु हरलेल्या उमेदवाराचे समाधान करण्याचे साधन आपल्याजवळ असताना ते बाजूला ठेवणे मला पटत नाही. पुढच्या निवडणुकीपूर्वी राज्य निवडणूक आयोगाने ही तरतूद करावी, अशी लेखी मागणी मी केली आहे, आणि आपणही करावी.

प्रश्न : माझ्या वडिलांना मधुमेह आहे. बोट न टोचता साखर दाखवणारे मनगटी घड्याळ स्वस्तात मिळते आहे. घ्यावे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : साखरेसाठी घेऊ नये. त्वचेला न टोचता केवळ घड्याळाने किंवा अंगठीने रक्तातील साखर मोजणाऱ्या कोणत्याही उपकरणाला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. चुकीचा आकडा पाहून इन्सुलिनची मात्रा जास्त घेतली गेली, तर काही तासांत जिवावर बेतू शकते. विक्रेता काहीही सांगत असला, तरी घड्याळाचा आकडा आणि बोट टोचून घेतलेला आकडा दोन आठवडे वहीत शेजारी-शेजारी लिहून पाहिल्यास फरक आपल्यालाच दिसेल. चालण्याची पावले मोजायला वडिलांनी घड्याळ खुशाल वापरावे. औषधाची मात्रा मात्र रक्ताच्या तपासणीवरून डॉक्टरांनीच ठरवावी, आणि ती वही पुढच्या भेटीला सोबत न्यावी.