ते जुळणारच होतं!

प्रश्न : सर्व्हरवर येणाऱ्या प्रत्येक आयपी पत्त्याचं होस्टनेम (त्या यंत्राचं नाव) मी पायथॉनच्या 'गेटहोस्टबायअ‍ॅडर'नं काढतो. ते नावासोबत पत्त्यांची यादीही देतं. मूळ पत्ता त्या यादीत आहे का, ते तपासतो. आजवर एकदाही चुकलं नाही. तरी सहकारी म्हणते, ही पडताळणीच नव्हे. तिचं काय चुकतंय?

उत्तर : काहीच नाही. कधीच न चुकणारी तपासणी दिसली की मला आधी तपासणीचाच संशय येतो. त्या यादीत बहुतेकदा तुम्हीच दिलेला पत्ता परत येतो. मग जुळेल नाही तर काय! टोमणा मारत नाही. माझ्याच एका स्क्रिप्टमध्ये ही ओळ दोन वर्षं सुखानं नांदत होती.

२०३.०.११३.२५ हा पत्ता घ्या (उदाहरणांसाठीच राखलेल्या गटातला आहे, कुणाचा नाही). नाव शोधताना तो उलटा होतो : २५.११३.०.२०३.इन-अ‍ॅडर.आर्पा. मग त्याची पीटीआर नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी) विचारली जाते. ही नोंद लिहितो तो पत्त्यांच्या गटाचा ताबेदार; नावाच्या मालकाला कुणी विचारत नाही. त्यामुळे एखादा बॉट (आपोआप संकेतस्थळं चाळणारा प्रोग्राम) स्वतःला बिनदिक्कत गूगलचा 'क्रॉल.गूगलबॉट.कॉम' म्हणवून घेऊ शकतो.

म्हणून मिळालेलं नाव पायथॉनच्याच, नावावरून पत्ते शोधणाऱ्या 'गेटअ‍ॅडरइन्फो'ला द्या आणि मूळ पत्ता परत येतो का बघा. नावावरून पत्ता देणारी ही नोंद मात्र गूगलबॉट.कॉमच्या मालकाच्या हातात असते, तोतया इथं अडकतो. एका नावाला अनेक पत्ते असतात, तेव्हा पहिल्यावरच थांबू नका. आयपीव्ही६ चा (नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीचा) एकच पत्ता शून्यं गाळून वेगळा लिहिता येतो, म्हणून तुलना मजकुराची नको, 'आयपीअ‍ॅड्रेस' मॉड्यूलनं करा.

पाहुणा खरंच गूगलचा आहे का हे ठरवायला नावाचा शेवट तपासताना सुरुवातीचा डॉट धरूनच तपासा : '.गूगलबॉट.कॉम'. डॉट विसरलात तर 'खोटंगूगलबॉट.कॉम'सुद्धा आत. आणि त्याच्या मालकाकडे नाव नि पत्ता दोन्ही असल्यानं उलटसुलट पडताळणीही बिनबोभाट पार पडते! मी फसले ते नेमकी इथंच.

पीटीआर नसणं हा काही गुन्हा नाही. 'एचएरर' (नाव न सापडल्याची त्रुटी) पकडा, नुसता पत्ता नोंदवा. येणारी विनंती अडवून मात्र हा शोध घेऊ नका. उत्तर न देणारा नेमसर्व्हर (या नोंदी सांगणारा सर्व्हर) लिनक्सवर सहसा ५ सेकंद ताटकळवतो, मग पुन्हा प्रयत्न होतो. अपाची या वेब सर्व्हरनं आवृत्ती १.३ पासून हा शोध मुळातच बंद ठेवला तो उगाच नाही. लॉग रात्री वेगळा चाळा, आणि मिळालेली नावं टीटीएलपुरती (नोंदीसोबत येणाऱ्या वैधतेच्या मुदतीपुरती) जपून ठेवा.