अगाझा का रडली, तिथून सुरुवात कर

अनेक आशीर्वाद.

जॉर्जियन कवी वाझा-प्शावेला वाचायला घेतल्याचं कळलं, बरं वाटलं. पण ‘या जॉर्जियन डोंगरी काव्यांत नुसता सूड आणि इभ्रत, प्रेम आहेच कुठे?’ ही तुझी तक्रार मला पटली नाही. निबंधाचं ‘प्रेम विरुद्ध इभ्रत’ हे शीर्षक आधी खोडून टाक.

१८९३ची ‘यजमान आणि पाहुणा’ पुन्हा काढ. शिकारीत भेटलेल्या अनोळखी माणसाला जोकोला घरी आणतो; हा किस्त, म्हणजे चेचेन वंशाच्या डोंगरी जमातीतला. तो पाहुणा निघतो झ्वियादाउरी, गावाचा वैरी; खेवसूर, म्हणजे जॉर्जियन डोंगरी जमातीतला. गाव त्याला धरायला येतं तेव्हा जोकोला खंजीर उपसतो तो आपल्याच माणसांवर: आज हा माझा पाहुणा आहे! इभ्रतीचा हा भाग सगळेच रंगवून सांगतात. तू जोकोलाच्या बायकोकडे, अगाझाकडे बघ.

गाव झ्वियादाउरीला आपल्या मृताच्या थडग्यावर बळी देतं. मरताना तो डोळासुद्धा लववत नाही. अगाझाला ते बघवत नाही, पण वैऱ्यासाठी रडणं म्हणजे गावाशी बेइमानी. म्हणून ती रात्री एकटी प्रेताजवळ जाऊन रडते आणि घरी येऊन नवऱ्याला ते सांगूनही टाकते. दुसऱ्या एखाद्या कवीने इथे हटकून मत्सर पेटवला असता. जोकोला मात्र म्हणतो, रडलीस ते बरं केलंस, मी काय दोष देऊ? त्या ओळी सावकाश वाच. या नवराबायकोचं प्रेम मला तिथे सगळ्यात उघड दिसतं, तेही परक्यासाठी गाळलेल्या आसवांतून.

मग १८८८ची ‘अलुदा केतेलाउरी’. मारलेल्या किस्ताचा उजवा हात कापून आणायची खेवसुरांची रीत अलुदा मोडतो, वर त्या वैऱ्याच्या नावाने बैल कापतो. गाव त्याला बायकापोरांसकट बर्फात हाकलतं. एका काव्यात गाव मुसलमान किस्तांचं, दुसऱ्यात ख्रिस्ती खेवसुरांचं, आणि आडमुठेपणा दोन्हीकडे सारखाच. वाझा स्वतः ख्रिस्ती, खेवसुरांच्या शेजारच्या प्शाव या डोंगरी जमातीतला, चार्गाली गावचा. तरी आपल्या बाजूला सूट देत नाही. (पोवाडे ऐकून वाढलेल्या आपल्या कानांना हे जरा जड जातं.)

लिहायला बसण्याआधी तिथलं ‘वाघ आणि तरुण’ हे लोकगीतही वाच. वाघाशी झुंजताना दोघंही मरतात, आणि तरुणाची आई वाघाच्या आईचं सांत्वन करायला निघते.

कच्चा खर्डा झाला की पाठव. जोकोलाच्या त्या उत्तरावर निदान एक पान असू दे.