पहिल्यांदाच प्रोफेशनल बास्केटबॉल मॅच प्रत्यक्ष बघणार आहे. तिकीट कुठलं काढू? टीव्हीपेक्षा वेगळं काय दिसतं?

तुम्ही कोल्हापूरचे, ऑक्टोबरात भावाकडे अबू धाबीला जाणार, तिथं एनबीएची (अमेरिकेतल्या प्रोफेशनल बास्केटबॉल लीगची) मॅच बघणार आणि खालचं महाग तिकीट काढायचं की वरचं स्वस्त, असं विचारलंय. शाळेत खेळलाय म्हणता, म्हणजे नियम सांगत बसत नाही. वरचं काढा. कोर्टाच्या लांब बाजूला, मधल्या रेषेच्या आसपास. बास्केटच्या बोर्डाच्या मागचं अजिबात नको. उत्तर खरं तर एवढंच आहे. पण प्रश्नाच्या शेवटी 'घरचे म्हणतात टीव्हीवर दिसतंय की, एवढा खर्च कशाला' असं लिहिलंय, ते वाचून मला राहवलं नाही.

माझे मामा पेठेतले. तरुणपणी तालमीच्या फुटबॉल संघातून बॅकला खेळलेले. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच शाहू स्टेडियमवर असली की त्यांचं दुकान आजही बंद. बास्केटबॉलबद्दल त्यांचं एकच वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय: "ज्या खेळात मिनिटाला दोन-चार गोल हुत्यात, त्यात एका गोलाला किंमत काय?" मी जिल्ह्याच्या बास्केटबॉल संघात निवडला गेलो, त्या दिवशीही पेढा तोंडात टाकून त्यांनी हेच ऐकवलं होतं. घरात बाकी सगळे हसले. मला ते आजपर्यंत लागून राहिलंय.

2019 च्या ऑक्टोबरात एनबीएचे संघ पहिल्यांदा भारतात खेळायला आले. मुंबईत, वरळीच्या डोम या इनडोअर स्टेडियममध्ये, 4 आणि 5 तारखेला, सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्जचे तेव्हाचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, त्यामुळे त्यांच्यासाठीही ती घरची गोष्ट होती. पहिली मॅच शाळकरी मुलांसाठी राखलेली, दुसरीची तिकिटं आपल्यासारख्यांना. मी दोन काढली आणि मामांना महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसवलं. दादरला उतरेपर्यंत त्यांचं चालू होतं, "खर्च कशाला केलास, टीव्हीवर बघितली असती." सेम तुमच्या घरच्यांसारखं.

वरची जागा मी मुद्दाम घेतली होती. मामा स्वतः शाहू स्टेडियमवर कधी खाली कठड्याशी उभे राहत नाहीत, वरच्या पायरीवर बसतात. खालून नुसते पाय दिसतात, वरून मॅच दिसते, हे त्यांनीच मला शिकवलंय. बास्केटबॉलला तर हे दुपटीनं लागू आहे. 94 फूट बाय 50 फुटांच्या जागेत दहा धिप्पाड माणसं. खालच्या रांगेत बसलात तर उंची आणि घाम दिसेल, फोटो छान येतील, पण कोण कुणासाठी जागा करतोय ते कळणार नाही.

वॉर्म-अप चुकवू नका, दारं उघडली की आत जा. आम्ही गेलो तेव्हा किंग्जचा एक खेळाडू कोपऱ्यातून थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट, मारत होता. एकाच जागेवरून, पायाची ठेवण तसूभर न बदलता. एक जण बोर्डाखालून बॉल परत देत होता. जाळीचा तो 'स्वॅप' आवाज वरपर्यंत येत होता. मामा बराच वेळ त्याच्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "चुकतोय कुठं ह्यो?" मी गप्प बसलो.

आता टीव्हीपेक्षा वेगळं काय, ते ऐका. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागं पळतो आणि आपली नजर कॅमेऱ्याच्या मागं. प्रत्यक्षात तुम्ही तुमचा माणूस निवडू शकता. मी मामांना सांगितलं, बॉलकडे बघायचंच नाही, ज्याच्याकडे बॉल नाही असा एक माणूस धरा. त्यांनी पेसर्सचा एक गार्ड धरला. तो गडी बॉल न मिळता बोर्डाखालून पळत दुसऱ्या टोकाला जायचा, वाटेत त्यांचाच एक उंच खेळाडू खांबासारखा उभा, मागचा डिफेंडर त्याच्यावर धडकायचा, तेवढ्यात हा मोकळा. बॉल आला तर शॉट, नाही आला तर परत तीच पळापळ. दुसरं म्हणजे बोर्डाखालच्या रंगवलेल्या चौकोनातल्या उंच डिफेंडरचे पाय बघा. एनबीएत आपल्या माणसाला चिकटून नसेल तर डिफेंडरला तिथं तीन सेकंदांच्या वर थांबता येत नाही. आपण शाळेत खेळलो त्या नियमांत ही अट नव्हती. त्यामुळे तो सतत एक पाय बाहेर टाकतो, परत आत येतो. मॅचभर. टीव्हीवर ह्याच्याकडे लक्षच जात नाही.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये मामा पुढं वाकून बसले होते. म्हणाले, "बॉल न्हाई तरी किती पळतंय रं ते बारकं. आमच्यात असा एक हाफ असता तर…" वाक्य अर्धंच सोडलं. मी ते शब्दन् शब्द लक्षात ठेवलंय, कारण पुढं काय झालं ते ऐका. पेसर्सनी मॅच 130-106 अशी जिंकली. कोल्हापुरात परत आल्यावर कट्ट्यावर कुणीतरी विचारलं, कशी झाली मॅच? मामा म्हणाले, "सर्कस. चोवीसचा फरक. शेवटी बघायला काय उरलंच न्हाई." आणि वर परत तेच किमतीचं वाक्य.

आम्ही बघितलेल्या मॅचच्या आदल्या रात्रीची मॅच, जी मुलांसाठी होती, ती ज्यादा वेळेत गेली आणि पेसर्सनी ती 132-131 अशी एका पॉइंटनं मारली. ती मॅच मामांनी बघितली असती तर हा वाद तिथंच मिटला असता, असं मला अजून वाटतं.

किमतीचा मुद्दा मात्र सोडत नाही. मामांना हवं तसं बास्केटबॉल एकेकाळी होतं. 1950 च्या नोव्हेंबरात फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सना 19-18 असं हरवलं. दोन्ही संघ मिळून सदतीस पॉइंट. समोर लेकर्सचा धिप्पाड स्टार जॉर्ज मायकन होता, त्याला बॉल मिळू नये म्हणून पिस्टन्स बॉल हातात धरून वेळ काढत बसले. प्रत्येक बास्केट सोन्याच्या मोलाची होती की नाही? आणि प्रेक्षक वैतागले. पुढं 1954 मध्ये सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांच्या आग्रहानं 24 सेकंदांचं घड्याळ आलं, म्हणजे बॉल मिळाला की तेवढ्या वेळात शॉट मारायचाच. हिशेब सरळ होता: 48 मिनिटांचे 2,880 सेकंद, चांगल्या मॅचमध्ये दोन्ही संघांचे मिळून साधारण 120 शॉट, भागाकार 24. तेव्हापासून या खेळात किंमत वेळेला आली. एकेका संघाला मॅचमध्ये शंभरेक वेळा बॉल मिळतो आणि दर वेळी 24 सेकंदांच्या आत काहीतरी घडवावं लागतं. एक संघ सलग दहा पॉइंट करतो, समोरचा कोच टाइमआउट घेतो, आख्खा हॉल उभा राहतो, तो इथला गोल. एका बास्केटला नाही, त्या लाटेला ओरडायचं असतं. लाट कधी सुरू झाली हे ओळखता यायला लागलं की दोन तास कसे गेले कळत नाही.

फुटबॉल कमी आहे असं मी म्हणत नाही. मीही पेठेतलाच, केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) फुटबॉल लीग मीही बघतो. पण एका खेळाच्या मापानं दुसरा मोजायचा आणि वर त्याला सर्कस म्हणायचं, हे मला पटत नाही.

आता राहिलेलं. अबू धाबीत 2022 पासून ऑक्टोबरात या मॅचेस होतात, यास बेटावरच्या एतिहाद अरीनात. त्याही वरळीसारख्या सीझनच्या आधीच्या, सरावाच्याच. म्हणजे मोठे खेळाडू पूर्ण वेळ खेळतील असं धरून जाऊ नका. शेवटच्या क्वार्टरमध्ये बरेचदा बेंचवरची पोरं असतात. एकाच खेळाडूसाठी जाणार असाल तर पहिल्या हाफमध्ये डोळे भरून बघून घ्या. दोन दिवस दोन मॅच असतात, जमलं तर दोन्हीची तिकिटं काढा, आदली रात्र चुकणं काय असतं ते वर सांगितलंच. वरची जागा म्हणजे छताला टेकलेली शेवटची रांग नव्हे. एतिहाद अरीना वरळीच्या डोमपेक्षा खूप मोठं आहे, तिथं वरच्या भागातल्या पुढच्या रांगा मिळाल्या तर घ्या. लहान पोरं सोबत असतील तर माझं सगळं बाजूला ठेवा आणि खालचं तिकीट काढा, त्यांना माणसं जवळून बघायची असतात. टाइमआउटला नाच, टी-शर्ट फेकणं वगैरे चालतं, तेव्हा खाण्याच्या रांगेत उभं राहा, मॅच चालू असताना उठू नका.

आणि भाऊ फुटबॉलवाला असेल तर 19-18 ची गोष्ट त्याला मॅचला जाताना गाडीतच सांगा. मी मामांना ती परतीच्या गाडीत सांगायला घेतली, तोवर त्यांनी चादर ओढली होती.