ओझोनच्या नकाशावरून थेट हवामानावर उडी नको

ओझोनचा हवामानावर काय परिणाम होतो ते बघायला तू अंटार्क्टिकाचा ऑक्टोबरचा ओझोन-नकाशा उघडून लगेच त्याच महिन्याचा पाऊस शोधतोयस. तिथेच गफलत होते. अंटार्क्टिकावर ओझोन घटतो सप्टेंबर-ऑक्टोबरात. जमिनीवर परिणाम दिसतो डिसेंबर ते फेब्रुवारीत, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात.

साखळी नीट समजून घे. ओझोन अतिनील किरण शोषून हवा तापवतो. तो कमी झाला की स्ट्रॅटोस्फिअर (ओझोन असतो तो वातावरणाचा वरचा थर) गार पडतं, ध्रुवीय भोवरा, म्हणजे ध्रुवाभोवती तिथे फिरणारे जोरदार वारे, बळकट होतो आणि उशिरा मोडतो. मग खालचे पश्चिमी (पश्चिमेकडून वाहणारे) वारे दक्षिणेकडे सरकतात आणि पावसाचे पट्टेही त्यांच्या मागे जातात.

उलटं उदाहरण हवं तर 2019 घे. सप्टेंबरात स्ट्रॅटोस्फिअर अचानक तापलं, भोवरा ढिला पडला, ओझोनचं छिद्र लहानच राहिलं. पश्चिमी वारे उत्तरेकडे सरकले, खंडाच्या आतली कोरडी हवा पूर्वेकडे आली आणि पूर्व ऑस्ट्रेलिया कोरडा, तापलेला राहिला. वणव्यांना आयतं निमित्त मिळालं. पण सगळं खापर भोवऱ्यावर फोडू नकोस, त्या वर्षी हिंदी महासागरातला धन द्विध्रुवही (पश्चिमेचं पाणी नेहमीपेक्षा गरम, पूर्वेचं गार) जोरात होता.

आणि हो, आर्क्टिकला हेच गणित जसंच्या तसं लावू नकोस. तिथला भोवरा फार लहरी, ओझोन दरवर्षी इतका घटत नाही. 2020 चा वसंत अपवाद होता.